संवाद लांबून, विहिरीतून आल्यासारखे येतात? माइक कुठे होता ते आधी बघा

"ताई, गेन पूर्ण वाढवला होता, तरी आवाज असा लांबून का येतोय?"

गेन म्हणजे माइकमधून येणारा आवाज रेकॉर्ड होताना किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. फिल्म सबमिट करायचे दिवस आले की हा प्रश्न घेऊन आठवड्याला मुलांचा एक तरी ग्रुप इंदूरच्या रामबागेत माझ्या घरी येतो. लॅपटॉप उघडतात, हेडफोन माझ्या हातात देतात आणि मी ऐकत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात. चित्र सुरेख असतं. उजेड कुठून यावा याचा विचार केलेला असतो. पण नट बोलू लागला की वाटतं, कॅमेरा या खोलीत आणि माणूस पलीकडच्या. शब्द घुमतात, मागे पंख्याची घरघर असते आणि वाक्याच्या शेवटची अक्षरं विरून जातात.

गेल्या महिन्यात आलेली एक क्लिप समोर ठेवून सांगते. जुन्या घराचं स्वयंपाकघर, उंच छत, खाली कोटा फरशी. आजी पोळ्या लाटतेय, नातू दाराशी बूट घालून उभा. आजी मान वर न करता विचारते, "जेवून जाणार आहेस ना?" सगळी फिल्म या एका वाक्यावर उभी आहे, कारण नातू थांबणार नाहीये. आणि ऐकू काय येतं? "जेऊ... णारेस..." शेवटचा "ना" गायब. लाटण्याची खडखड मात्र खणखणीत.

माइक कॅमेऱ्यावर होता आणि कॅमेरा आजींपासून आठ फुटांवर. उत्तर तिथेच होतं. तरीही मी लगेच "पुन्हा शूट करा" म्हणत नाही. असाच आवाज आणखी दोन चुकांमुळेही येतो आणि त्या चुका पाच मिनिटांत पकडता येतात. म्हणून आधी त्या.

पहिलं : एडिटिंगच्या टाइमलाइनवर दोन ट्रॅक एकदम वाजताहेत का?

वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला असेल तर शॉटखाली दोन ट्रॅक असतात, एक रेकॉर्डरचा आणि एक कॅमेऱ्याचा स्वतःचा. कॅमेऱ्याच्या ट्रॅकला आपल्याकडे पायलट म्हणतात. क्लॅपचा टक् आवाज जुळवून दोन्ही ट्रॅक सिंक करायचे, म्हणजे एका वेळेवर आणायचे, एवढंच त्याचं काम. सिंक झाल्यावर तो बंद करायचा राहून जातो आणि मग एकच वाक्य दोन ठिकाणांहून वाजतं.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. आठ फूट जायला त्याला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे छातीवरच्या माइकमध्ये शब्द आधी पोचतो आणि कॅमेऱ्यात ७ मिलिसेकंदांनी. इतका लहान उशीर कानाला दोन वेगळे आवाज म्हणून कळत नाही. पण दोन लाटा एकमेकींवर पडतात, काही ठिकाणी एकमेकींना खोडतात, काही ठिकाणी वाढवतात, आणि आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. याला फेजची गडबड म्हणतात. पायलट म्यूट करा आणि पुन्हा ऐका. आवाज एकदम स्वच्छ झाला तर तुमचं काम झालं. हा दोष इतका सर्रास आहे की मी प्रत्येक क्लिपमध्ये सगळ्यात आधी हाच बघते.

दुसरं : जो माइक लावला, तोच रेकॉर्ड करत होता का?

लेपल, म्हणजे कॉलरला लावायचा छोटा माइक, नटाला लावला, वायर फोनमध्ये खोचली, रेकॉर्ड दाबलं. घरी येऊन ऐकलं तर आवाज खोलीभर घुमतोय. बऱ्याच वेळा फोनने लेपलला ओळखलेलंच नसतं आणि तो आपल्या आतल्याच माइकवर रेकॉर्ड करत राहिलेला असतो.

वायरच्या पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर ती टीआरएस पिन, कॅमेरा आणि रेकॉर्डरसाठी. तीन पट्टे असतील तर टीआरआरएस, हेडफोनचं भोक असलेल्या फोनसाठी. दिसायला दोन्ही सारख्या, एकमेकींच्या भोकात आरामात बसतात, पण आतली जोडणी वेगळी आहे. एकीची दुसरी करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो बॅगेत असू द्या.

शूटच्या आधी एक चाचणी कराच. हेडफोन लावा आणि लेपलच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडा. मोठा खर्रर्र आवाज कानात आला पाहिजे. मग फोन किंवा कॅमेऱ्याच्या अंगावर खरवडा. तो आवाज जास्त मोठा आला, तर तुमचा माइक चालू नाही. दहा सेकंदांचं काम आहे, पण यामुळे अख्खे शूटिंगचे दिवस वाचलेले मी पाहिलेत.

कंडेन्सर माइकच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. गन माइक, म्हणजे लांब नळीचे माइक, बहुतेक कंडेन्सर असतात आणि त्यांना वीज लागते. ती एक तर माइकमधल्या सेलवरून मिळते किंवा रेकॉर्डरकडून एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या वायरीतून. वायरीतून येणाऱ्या या ४८ व्होल्टला फँटम पॉवर म्हणतात. मेनूत फँटम बंद असेल तर माइक मुका राहतो किंवा अगदी क्षीण ऐकू येतो. मग मुलं गेन चढवतात आणि हाती फक्त हिस, म्हणजे सूंऽऽ लागते. गाण्याच्या स्टेजवर दिसतात ते डायनॅमिक माइक या विजेशिवाय चालतात.

आता मुख्य दुखणं : अंतर

या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तर माइक लांब होता. दहातल्या आठ क्लिपमध्ये माझं निदान इथेच येऊन थांबतं.

उघड्या जागेत माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने पडते. अर्धं केलं की ६ ने वाढते. आजींच्या उदाहरणात आठ फुटांचे चार केले तर ६ डेसिबल, चाराचे दोन केले तर १२, दोनाचा एक केला तर १८. आता खोलीचं गणित बघा. आजींच्या तोंडातून निघालेला आवाज एकदा सरळ माइककडे येतो आणि शंभर वेळा भिंती, फरशी, छत यांवर आपटून येतो. आपटून येणारा आवाज खोलीत सगळीकडे जवळजवळ सारखाच भरलेला असतो. पंख्याची घरघरही तशीच. तुम्ही माइक जवळ नेता तेव्हा सरळ येणारा आवाज वाढतो आणि बाकीचं आहे तिथेच राहतं. गेन वाढवता तेव्हा आजी, पंखा, फ्रिज, भिंती, सगळ्यांना सारखाच जोर मिळतो. त्यांच्यातलं प्रमाण तसंच राहतं. गेनचं बटण माइकला एक इंचसुद्धा पुढे सरकवत नाही.

रात्री सराफ्यात गर्दीत उभं राहून मैत्रिणीला काही सांगायचं असेल तर आपण काय करतो? तिच्या कानाशी जातो. माइकसाठीही तेच करायचं.

"पण ताई, शूटच्या वेळी तर आम्हाला नीट ऐकू येत होतं!" हेही दर वेळी येतं, आणि ते खरं असतं. आपल्याला दोन कान आहेत. त्या दोहोंवरून मेंदू समोरच्याचा आवाज निवडून घेतो आणि खोलीचा घुमारा मागे ढकलतो. माइक म्हणजे एकच कान, आणि त्याच्यामागे मेंदू नाही. आत्ता करून बघा. कुणाला तरी समोर बोलायला लावा आणि एक कान बोटाने घट्ट बंद करा. खोली लगेच जास्त घुमायला लागते. म्हणून लोकेशन बघायला जाल तेव्हा एक कान बंद करून टाळी वाजवायची. टाळीनंतर शेपूट किती लांब राहतं ते ऐकायचं. मी अजूनही प्रत्येक नव्या जागी हे करते.

गन माइक म्हणजे झूम लेन्स नव्हे

हा गैरसमज घट्ट बसलेला आहे. लांबलचक नळीचा माइक बघून वाटतं की हा लांबचा आवाज ओढून घेईल. तो काहीही ओढत नाही. माइक कुठल्या दिशेचं किती ऐकतो याच्या नकाशाला पोलर पॅटर्न म्हणतात. ओम्नी म्हणजे चारी दिशांचं सारखं ऐकणारा. कार्डिऑइड समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो. हायपरकार्डिऑइड त्याहून अरुंद, पण थोडंसं मागचंही ऐकणारा. गन माइक नळीच्या कडेच्या खाचांमुळे बाजूचा आवाज कापतो, आणि तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. खर्जातल्या आवाजाला, म्हणजे पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर, नळी विशेष अडवत नाही.

बंद, घुमणाऱ्या खोलीत तर गन माइक त्रासच देतो. भिंतींवरून आलेला आवाज बाजूने नळीत शिरतो आणि तो चित्रविचित्र रंग घेऊन येतो. लहान खोलीत हायपरकार्डिऑइड बरा. तो नसेल आणि गनच असेल, तर बूमवर, म्हणजे माइक धरायच्या लांब काठीवर लावून फ्रेमच्या काठापर्यंत, तोंडापासून दीड-दोन फुटांवर आणा. वरून खाली, छातीकडे रोखलेला. खालून वर धरला तर माइकचं तोंड थेट छताच्या पंख्याकडे जातं. कॅमेरामनला विचारा, "फ्रेम कुठे संपते?" बूम हळूहळू खाली आणा, तो "दिसला" म्हणेल तिथून चार बोटं वर. मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र दिसणारा शॉट, लांबचा असेल तर त्यात आवाज कच्चा येणारच. त्याचा आग्रह सोडा. त्याच वेळी लेपल लावा, किंवा क्लोजअपच्या वेळचा आवाज तिथे वापरा.

१९३१ साली आलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' शूट झाला तेव्हा बूमही नव्हता. स्टुडिओ रेल्वेरुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री काम चालायचं आणि माइक नटांच्या आसपास मिळेल तिथे लपवलेले असायचे. तेव्हाही सगळा खटाटोप माइक तोंडाजवळ नेण्याचाच होता.

लेपलबद्दल, आणि मंगळसूत्राबद्दल

लेपल हनुवटीच्या खाली एक वीत, छातीच्या मधोमध. तिथे तो जवळ असतो आणि मान वळवली तरी फार बिघडत नाही. बहुतेक लेपल ओम्नी असतात, त्यामुळे थोडा तिरका बसला तरी चालतं.

खरी लढाई कपड्यांशी असते. सुती कापड शांत. सिल्क, नायलॉन, कडक स्टार्चचा झब्बा, हे सगळे बोलतात. आपल्या फिल्ममधल्या आया आणि आज्या साडीत असतात, आणि पदर हलला की लेपलवर पान चुरगाळल्यासारखा आवाज येतो. माइक पदरावर लावू नका. ब्लाऊजच्या गळ्याच्या काठाला आतून, दोन्ही बाजूंनी त्वचेला चालणाऱ्या वैद्यकीय टेपमध्ये पकडून लावा, म्हणजे कापड माइकवर घासत नाही. वायरचा एक छोटा वेटोळा माइकखाली टेपने चिकटवा, वायर ओढली तरी धक्का वर पोचत नाही. हे सगळं नटीला विचारून, शक्यतो टीममधल्या मुलीने करावं.

एका क्लिपमध्ये दर दोन शब्दांनी टिक्, टिक् येत होतं. मुलांनी वायर बदलली, रेकॉर्डर बदलला, तरी तेच. चित्र थांबवून जवळून पाहिलं तर मंगळसूत्राच्या वाट्या. श्वास घेतला की छाती वर यायची आणि वाटी माइकच्या डोक्यावर आपटायची. मंगळसूत्राला मागून टेपचा एक तुकडा लावला, माइक दोन बोटं बाजूला सरकवला, टिक् बंद. बांगड्यांसाठी मात्र टेप नको. त्या वाजू द्या, पण संवादाच्या वर वाजत असतील तर हात हलवण्याची वेळ दिग्दर्शकाने ठरवावी.

खोलीला गप्प करणं

इंदूरला थंडी पडते, त्यामुळे घरोघरी रजया आहेत. त्या काढा. नटाच्या समोर, कॅमेऱ्यामागे, फ्रेमबाहेरच्या भिंतीवर रजया आणि गोधड्या टांगा. फरशीवर सतरंजी किंवा जाजम अंथरा, विशेषतः नट आणि माइक यांच्यामधल्या जागेत. पातळ चादरीने फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो, घुमारा राहतोच. जाडी हवी. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्याने काही होत नाही.

पंखा बंद. मे महिन्यात नट हैराण होतात हे मला माहीत आहे, म्हणून टेक होईपर्यंत बंद आणि कट म्हटलं की सुरू. फ्रिज बंद करताना तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी जायला निघाल की किल्ली शोधताना फ्रिज सुरू करायचं आठवेल. ज्यांनी घर दिलं त्यांचं दूध नासवून आपण जाऊ नये.

सकाळची वेळ शांत असते म्हणून मुलं सात-आठचं शूट ठेवतात आणि नेमकी गाणं लावलेली कचरागाडी येते. ती कुठल्या गल्लीत किती वाजता येते हे घरमालकाला आधीच विचारून ठेवा. ती गाडी आपल्या शहराचा अभिमान आहे, तिच्याभोवती वेळापत्रक आखायचं काम आपलं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसारख्या दगडी, घुमटाच्या जागी रजया टांगता येत नाहीत. तिथे लेपल आणि अगदी जवळचा बूम, दुसरा इलाज नाही. उघड्यावर वारा असेल तर माइकवर केसाळ आवरण हवंच. नुसता फोम वाऱ्याच्या झुळकीला पुरत नाही.

लेव्हल

माइक जवळ आला की गेन आपोआप कमी लागतो. मीटरवरचे आकडे उणे असतात आणि ० ही छत आहे. ० ला लागलं की लाटेचं डोकं कापलं जातं, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. तालमीत नटाला सगळ्यात मोठ्याने म्हणायचं वाक्य पूर्ण ताकदीने म्हणायला लावा आणि त्याची सगळ्यात उंच टोकं (पीक) मीटरवर उणे १२ च्या आसपास बसवा. अधूनमधून उणे ६ गाठला तर घाबरू नका. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा, मग थोडं हळू रेकॉर्ड झालं तरी नंतर वाढवता येतं. हेडफोनचा आवाज वाढवणं म्हणजे गेन वाढवणं नव्हे. तुम्ही कानात मोठं ऐकत असता आणि कार्डावर उणे ४० जात असतं. मीटर बघा.

३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर मिळाला तर उत्तम, त्यात फाटण्याची भीती जवळजवळ जाते. पण आठ फुटांवरचा माइक त्यातही आठ फुटांवरच असतो.

आणि ऑटो गेन बंद करा. नट गप्प झाला की मागची सूं फुगत वर येते आणि बोलायला लागला की दबते, असं होत असेल तर कॅमेरा स्वतःच गेन वरखाली करतोय.

शूट होऊन गेलंय, आता?

थोडंफार करता येतं. ८० हर्ट्झच्या खालचं लो-कट फिल्टरने काढा, बोलण्यातलं तिथे फारसं काही नसतं. सतत गुंऽऽ येत असेल तर ती आपल्या विजेची, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली, १०० आणि १५० ची. ती अरुंद फिल्टरने कापता येते. मागची घरघर कमी करणारं नॉइज रिडक्शन ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्येही आहे, डाव्हिंची रिझॉल्व्हमध्येही आहे, पण हात आखडता ठेवा. जास्त झालं की आवाज पाण्याखालून येतो. घुमारा काढणारी साधनंही निघाली आहेत, ती थोडा काढतात. विरलेलं अक्षर मात्र ती परत आणत नाहीत.

अशा वेळी वाइल्ड ट्रॅक घ्या. कॅमेऱ्याशिवाय, त्याच खोलीत, त्याच नटाकडून, तीच वाक्यं जवळच्या माइकवर. ओठ न दिसणाऱ्या किंवा पाठमोऱ्या शॉटमध्ये ती सहज बसतात. सोबत तीस सेकंद सगळ्यांनी श्वास धरून उभं राहायचं आणि रिकामी खोली रेकॉर्ड करायची. तो रूम टोन. संवादांच्या मधल्या फटी त्याने भरल्या की जोड कळत नाहीत.

आजींच्या फिल्मसाठी मुलांनी हेच केलं. दुसऱ्या रविवारी सहा वाजता, कचरागाडीच्या आधी, पुन्हा त्याच स्वयंपाकघरात. किल्ली फ्रिजमध्ये. ओट्याच्या मागे दोन रजया, खाली सतरंजी, माइक कपाळाच्या जरा वर, दीड फुटांवर. आजींनी हट्टाने खरंच कणीक मळून पोळी लाटायला घेतली, कारण हात रिकामे असले की मला बोलता येत नाही, म्हणाल्या. लाटणं मध्येच थांबवून त्यांनी वाक्य म्हटलं. त्या शॉटमध्ये आजींची मान खाली असते, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे ते चपखल बसलं.

परवा ती फाइल ऐकली. "जेवून जाणार आहेस" पर्यंत आवाज सरळ आहे. मग छोटासा श्वास, आणि "ना" खूप खालच्या सुरात, जवळजवळ स्वतःशीच. आठ फुटांवरच्या माइकने हाच "ना" गमावला होता.